झाड वाढवणारा कोडेखेळ : जॅम संपल्यावर खेळाडूंचे अभिप्राय कसे घ्यावेत

गेम जॅम म्हणजे दिलेल्या विषयावर, ठरलेल्या मुदतीत खेळ तयार करण्याचा उपक्रम. २००२ पासून चालत आलेल्या 'लुडम डेअर'मध्ये एकट्याने खेळ करणाऱ्याला ४८ तास आणि गटाला ७२ तास, अशी रीत पडली. 'ग्लोबल गेम जॅम' २००९ पासून दर जानेवारीत जगभर होतो. सोलापुरात वालचंद, ऑर्किड या महाविद्यालयांतले किंवा विद्यापीठाच्या संगणक विभागातले दोन-तीन मित्र घरी बसूनही अशा जॅममध्ये उतरू शकतात. खेळ मुदतीत तयार होतो, सादरही होतो. पण तो आपल्या गटाबाहेरच्या माणसाला समजतो का, हे त्या क्षणापर्यंत कोणालाच माहीत नसते. इथून पुढे काय करायचे आणि कोणत्या क्रमाने, ते खाली सांगितले आहे.

आपला खेळ साधारण असा धरला आहे : चौकटींच्या पटावर एक रोप आहे. खेळाडूने मुळे, फांद्या आणि पाणी यांची दिशा ठरवून झाड उजेडापर्यंत न्यायचे. घड्याळ नाही, शत्रू नाही, मागे मंद संगीत. अशा खेळाचा अभिप्राय मिळवणे धावपळीच्या खेळापेक्षा अवघड असते. तिथे खेळाडू हरला की वैतागतो, आणि ते आपल्याला ऐकू येते. निवांत खेळात कंटाळलेला माणूस काही न बोलता फोन खाली ठेवतो आणि विचारले तर "छान आहे" म्हणतो. म्हणून खेळाडू काय म्हणतो याच्या आधी त्याचा हात काय करतो, ते बघायचे.

१. जॅमची आवृत्ती बाजूला काढून ठेवा

सादर केलेली प्रत जशीच्या तशी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका. मूल्यमापन चालू असताना अनेक जॅममध्ये फक्त बिघाड दुरुस्त करण्याची मुभा असते, नवे टप्पे घालण्याची नसते. आपल्या जॅमचा नियम वाचून घ्या. पुढचे काम दुसऱ्या प्रतीवर करा आणि पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आवृत्तीचा क्रमांक दाखवा. "पाणी घातलं तरी झाड हलतच नाही" ही तक्रार कोणत्या आवृत्तीतली होती, हे महिन्याभराने कोणालाही आठवत नाही.

२. कशाचे उत्तर हवे आहे, ते लिहून काढा

गटाने एकत्र बसून एक वाक्य लिहावे : हा खेळ दहा मिनिटे खेळल्यावर माणसाला कसे वाटावे? त्याखाली तीन प्रश्न, याच क्रमाने. खेळ समजतो का? खेळाडू कुठे अडकतो? आणि खेळताना निवांत वाटते का? क्रम महत्त्वाचा आहे. ज्याला पाण्याची कळ सापडलेली नाही, त्याला "निवांत वाटलं का" विचारून हाती काही लागत नाही. पहिल्या फेरीत बहुधा पहिल्याच प्रश्नाचे उत्तर मिळते. तेवढे पुरे समजा.

३. खेळ दुसऱ्याच्या फोनवर चालेल असा करा

आपल्या लॅपटॉपवर खेळ सुरळीत चालतो, याचा अर्थ फारसा नाही. सोलापुरात आपल्याला भेटणारा खेळाडू तो मध्यम किमतीच्या अँड्रॉइड फोनवर, बहुतेक वेळा ब्राउझरमध्ये उघडणार. खेळ बनवण्यासाठी गोडो हे इंजिन वापरत असाल तर ४.३ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या. तिच्यात एकाच थ्रेडवर चालणारी वेब-प्रत काढता येते आणि ती जास्त ब्राउझरांवर विनातक्रार उघडते. इच डॉट आयओ या खेळांच्या संकेतस्थळावर खेळ ठेवला असेल तर मोबाइलवर खेळता येण्याची खूण केली आहे ना, ते तपासा. वीज आणि नेट यांचा भरवसा नसेल तिथे जाताना फोनमध्ये थेट बसवता येणारी प्रत सोबत ठेवा.

आवाजाकडे विशेष लक्ष द्या. बहुतेक ब्राउझर खेळाडूने पडद्याला पहिला स्पर्श करेपर्यंत आवाज सुरू होऊ देत नाहीत. सुरुवातीला 'खेळा' असे बटण ठेवले नाही तर निवांत खेळाचे निम्मे काम करणारे संगीतच गप्प राहते, आणि मग येणारा अभिप्राय दुसऱ्याच खेळाचा असतो. हेडफोन आपण न्यावा. फोनचा उजेड पूर्ण वाढवावा. एप्रिलच्या दुपारी व्हरांड्यात बसून फिक्या हिरव्या पानावरची गडद हिरवी कळी दिसते का, हेही त्यातच कळते.

४. खेळाडू निवडा, आणि जपून वापरा

खेळ पहिल्यांदा पाहणारा माणूस एकदाच मिळतो. दुसऱ्या वेळी त्याला पाण्याची कळ माहीत असते आणि आपल्या पहिल्या टप्प्याची परीक्षा तो घेऊ शकत नाही. म्हणून उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गाच्या ग्रुपवर दुवा टाकू नका. तसे केले की वर्गातले सगळे नवे खेळाडू एका संध्याकाळी संपतात, आणि त्यातल्या कोणाला खेळताना आपण पाहिलेलेही नसते.

एका फेरीला पाच जण पुरतात. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन आणि टॉम लँडॉवर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या हिशेबात एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो आणि पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. हा हिशेब अडचणी शोधण्यापुरता आहे, खेळ किती जणांना आवडेल हे त्यावरून सांगता येत नाही. पंधरा माणसे मिळणार असतील तर पाच-पाचच्या तीन फेऱ्या करा आणि प्रत्येक फेरीनंतर दुरुस्ती करा.

हे पाच जण एकाच बाकावरचे नसावेत. एखादा नेहमी मोबाइलवर खेळणारा, एखादी रोज शब्दकोडे किंवा सुडोकू सोडवणारी काकू, एखादा कधीच न खेळणारा. आपल्या शहराचा इथे मोठा फायदा आहे. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडून आलेल्यांच्या घरात कानडी, कुठे उर्दू, कुठे मराठी. शब्दांवाचून चालणारा खेळ खरोखर शब्दांवाचून चालतो का, याची परीक्षा एका रिक्षाच्या अंतरावर होते. पुण्यात बसलेल्या गटाला यासाठी माणसे शोधावी लागतील.

अठरा वर्षांखालील मुलामुलींना घेणार असाल तर पालकांना आधी सांगा, त्यांची परवानगी घ्या आणि मुलांचे नाव, फोटो किंवा नंबर साठवू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. आपल्याला वहीत 'खेळाडू ३, वय बारा' एवढीच नोंद पुरते.

५. जागा आणि वेळ ठरवा

प्रत्येकाला स्वतंत्र वीस-पंचवीस मिनिटे द्या. कॅन्टीनमध्ये चार मित्र खांद्यावरून वाकून "अबे, तिकडं नको, वर जा" असे सांगत असताना झालेली चाचणी वहीत धरूच नका. ग्लोबल गेम जॅम जानेवारीत आणि सिद्धेश्वराची गड्डा यात्राही जानेवारीत, त्यामुळे होम मैदानाच्या आसपास गर्दी आयती मिळते. पण पाळण्यांच्या आणि भोंग्यांच्या गलक्यात निवांत खेळ तपासायचा मोह टाळा. घराची गच्ची, वाचनालयाबाहेरचा बाक, संध्याकाळची रिकामी वर्गखोली चालेल.

६. खेळताना बघा, बोलू नका

सुरुवातीला एवढेच सांगा : "हा खेळ अजून कच्चा आहे. आम्ही खेळ तपासतोय, तुम्हाला नाही. अडलं तर ती चूक खेळाची. कंटाळा आला की थांबा." मग फोन हातात द्या आणि थोडे बाजूला, पडदा दिसेल असे बसा.

यानंतरचे गप्प राहणे हे या सगळ्यातले सर्वांत कठीण काम आहे. तिसऱ्या टप्प्यावर खेळाडू मूळ उलट्या दिशेला नेत असतो, कळ त्याच्या अंगठ्याखाली असते आणि आपल्या तोंडात उत्तर असते. ते गिळा. त्याने "आता काय करू?" विचारले तर "तुम्हाला काय वाटतं?" एवढेच म्हणा. त्याच टप्प्यावर तीन-चार मिनिटे पूर्ण अडकला आणि अस्वस्थ झाला, तर मदत करा, पण ती नोंदवा. मदतीने पार झालेला टप्पा हा नापास टप्पा.

वापरसुलभतेच्या चाचण्यांत खेळाडूला मनातले विचार मोठ्याने बोलत राहायला सांगण्याची पद्धत आहे. आपल्या खेळासाठी पहिल्या दहा मिनिटांत ती वापरू नये, असे माझे मत आहे. सतत बोलत राहायला सांगितले की शांतपणा जातो, आणि तोच तर तपासायचा असतो. त्याऐवजी परवानगी घेऊन फोनवरच पडद्याचे चित्रण चालू ठेवा. खेळ संपल्यावर तेच चित्रण खेळाडूसोबत पाहा आणि थांबून विचारा, "इथं तुम्ही थांबलात, काय चाललं होतं मनात?"

वहीत चार रकाने पुरतात : वेळ, टप्पा, हाताने काय केले, चेहऱ्यावर काय दिसले. विशेषतः थांबण्याचे दोन प्रकार वेगळे नोंदवा. एका थांबण्यात नजर पटावरून फिरत असते, कधी बोट हवेतच रेघ ओढते. तो माणूस कोडे सोडवतो आहे, त्याला सोडवू द्या. दुसऱ्यात नजर पडद्याच्या कोपऱ्यांकडे, बटणांकडे, शेवटी आपल्याकडे येते. तो हरवला आहे. घड्याळात दोन्ही थांबे वीस सेकंदांचे दिसतील. खेळात आपोआप होणारी आकड्यांची नोंद हा फरक दाखवत नाही, म्हणून समोर बसावे लागते. 'मागे घ्या' हे बटण किती वेळा दाबले, तेही मोजा. शांतपणे चार-पाच वेळा दाबले तर माणूस प्रयोग करतो आहे. धडाधड दाबले तर खेळाने त्याला फसवल्यासारखे वाटले आहे.

७. मग विचारा, पण "आवडला का?" नको

समोर बसलेल्या मित्राला कोणीही "भारी आहे की" म्हणणार. त्या उत्तराचा उपयोग नाही आणि मान ठेवल्याबद्दल त्याला दोषही देता येत नाही. असे विचारा :

"हा खेळ घरी कोणाला समजावून सांगायचा झाला, तर काय सांगाल?" या उत्तरात नियम किती पोहोचले ते कळते. "पाणी काय करतं?" "हा पिवळा ठिपका कशाचा?" इथे चुकीचे उत्तर आले तरी दुरुस्त करू नका. "कुठं फोन खाली ठेवावासा वाटला?" वाटलाच नाही म्हणाले, तर वही पाहून जिथे जांभई आली होती तो टप्पा दाखवा. "संगीत कसलं होतं?" आठवत नसेल तर बिघडत नाही, निवांत खेळातले संगीत पुष्कळदा न आठवण्यासाठीच असते. पण "तेच तेच वाजत होतं" असे आले, तर सुरावट फार छोटी आहे.

"विकत घ्याल का?" हे मात्र विचारू नका. त्यापेक्षा दोन दिवसांनी, पुन्हा दुवा न पाठवता, खेळ परत उघडला होता का, एवढे विचारा.

८. खेळाडूच्या डोक्यातले झाड ओळखा

झाडाच्या खेळात एक अडचण अशी येते, जी ठोकळे किंवा गोट्यांच्या खेळात येत नाही. खेळाडू येतानाच झाडाविषयीचे ज्ञान घेऊन येतो. आणि सोलापूर जिल्ह्यात ते ज्ञान पुस्तकी नसते.

समजा, आपल्या खेळाचा नियम आहे : जास्त पाणी, जास्त फुले. सांगोल्याकडचा डाळिंबवाल्याच्या घरातला मुलगा हा खेळ घेऊन बसला. त्याच्या घरी बहार धरायचा म्हणजे आधी बागेचे पाणी तोडतात. झाडाला ताण देतात, पानगळ होते, हलकी छाटणी होते आणि मग पाणी सोडल्यावर फुले येतात. मृग, हस्त, आंबे यांतला कोणताही बहार असो, क्रम हाच. हा मुलगा पहिल्याच टप्प्यावर पाणी रोखून बसेल आणि फुलाची वाट पाहील. आपण वहीत "नियम कळला नाही" असे लिहू. खरे तर त्याला झाड आपल्यापेक्षा जास्त कळते. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र याच शहराजवळ, केगावला आहे. या गावात असा खेळाडू भेटणे हा अपवाद नव्हे.

छाटणीचेही तसेच. जोएल मॅकडॉनल्ड यांच्या २०१५ मधल्या 'प्रून' या खेळात नको त्या फांद्या छाटून झाड उजेडापर्यंत न्यायचे असते. आपल्या खेळात असे काही असेल, तर दोन टोकांच्या प्रतिक्रिया येतील. द्राक्षबागायतदाराच्या घरी एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते. तिथला माणूस बेधडक फांद्या उडवतो. शहरातली आजी मात्र पहिल्या कापण्यालाच हात आखडते : "वाढलेली फांदी कशाला तोडायची?" तिच्यासाठी खेळातला निवांतपणा त्या कात्रीच्या आवाजाबरोबर संपला.

अशा वेळी तीन वाटा असतात, आणि त्या याच क्रमाने तपासाव्यात. पहिली, खूण स्पष्ट करा : पाणी पोहोचताच फांदी उजळू द्या, म्हणजे या पटावर पाण्याचा अर्थ काय ते एका हालचालीत दिसेल. कापण्याचा खटका मऊ करा आणि कापलेल्या फांदीची पाने वाऱ्यावर तरंगत जाऊ द्या. दुसरी, नियम बदला : ताण दिल्यावर फुलणारे झाड हा स्वतंत्र टप्पा होऊ शकतो. जॅमच्या दोन दिवसांत कोणाला सुचणार नाही इतके चांगले कोडे हा खेळाडू आपल्याला फुकट देऊन गेलेला असतो. तिसरी, सोडून द्या : पाचांतल्या एकालाच खटकले आणि खूण दिल्यावर तोही सावरला, तर पुढे चला. माझा कौल बहुतेक वेळा पहिल्या वाटेला आणि क्वचित, पण मनापासून, दुसरीला.

९. रंग आणि अक्षरे तपासून घ्या

झाडाच्या खेळात हिरवे पान, तपकिरी खोड आणि लाल फळ एकमेकांशेजारी येतात. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसे, मुख्यतः पुरुष, आपल्या पाचांत नसली तरी खेळाडूंत असणारच. फोनच्या सेटिंगमधून पडदा कृष्णधवल करा आणि स्वतः एक टप्पा खेळा. पिकलेले फळ आणि कच्चे फळ वेगळे ओळखता आले नाही, तर रंगाच्या जोडीला आकार किंवा ठिपका द्या.

मराठी मजकूर असेल तर तो फोनवर वाचून पाहा. गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट जुळत नसत, चौथीत जुळतात. 'वृक्ष', 'स्पर्श', 'किरण' हे तीन शब्द पडद्यावर नीट उमटले की बहुतेक मजकूर नीट उमटेल.

१०. जॅममधल्या सहभागींचे अभिप्राय वेगळ्या वहीत ठेवा

बहुतेक जॅममध्ये सहभागीच एकमेकांचे खेळ खेळून गुण देतात. लुडम डेअरमध्ये निकालात येण्यासाठी किमान २० जणांचे गुण लागण्याचा नियम राहिला आहे, आणि आपण इतरांचे खेळ खेळलो तरच आपल्याकडे माणसे येतात. तेव्हा आधी दुसऱ्यांचे खेळा, त्यांना नेमके आणि सभ्य लिहा. तिथे 'वातावरण' या निकषालाही स्वतंत्र गुण असतात. आपल्या खेळासाठी एकूण गुणांपेक्षा त्या आकड्याकडे पाहा.

मात्र हे खेळाडू स्वतः खेळ बनवणारे आहेत. ते पाच मिनिटांत खेळ उरकतात, कोडी चटकन सोडवतात आणि नव्या सोयींच्या सूचना भरभरून देतात. त्यांना सोपा वाटलेला टप्पा काकूंना सोपा असेल असे धरू नका.

११. सगळे एका तक्त्यात मांडा आणि मगच निर्णय घ्या

पाचही जण होईपर्यंत काही बदलू नका. फक्त खेळ बंद पडण्यासारखा बिघाड लगेच दुरुस्त करा. मग तक्त्यात प्रत्येक नोंद तीन भागांत लिहा : काय दिसले, आपल्या मते का, आणि खेळाडूने काय सुचवले. हे तीन भाग एकत्र झाले की गटात वाद सुरू होतात, कारण एक जण दिसलेल्याबद्दल बोलत असतो आणि दुसरा सुचवलेल्याबद्दल.

त्यानंतर किती माणसांना ते घडले, तो आकडा लिहा. एकाच बडबड्या मित्राने सहा वेळा सांगितलेली गोष्ट एकच धरायची. पाचांतल्या तिघांना घडलेली गोष्ट दुरुस्त करायचीच. एकालाच घडलेली, पण खेळ सोडून देण्याइतकी गंभीर, तीही घ्यायची. कामाचा क्रम असा लावा : बिघाड, मग गैरसमज, मग निवांतपणा मोडणारे प्रसंग, आणि आवडीनिवडी सर्वांत शेवटी. पार्श्वभूमी निळी हवी की जांभळी, हा प्रश्न शेवटच्या रांगेतला. दुर्दैवाने गटाच्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ तोच खातो.

सूचना जशीच्या तशी उचलू नका. ती कोणत्या त्रासातून आली ते शोधा. "टायमर टाका" म्हणणाऱ्याला बहुधा टप्पे सोपे वाटले असतात; त्याला घड्याळ नको, अवघड कोडे हवे असते. "सूचना लिहून द्या" म्हणणारी व्यक्ती पहिल्या दोन टप्प्यांत काहीतरी न शिकता पुढे गेली आहे. परिच्छेदभर मजकूर घालण्यापेक्षा पहिला टप्पा असा करा की एकच हालचाल शक्य असेल आणि तीच बरोबर असेल. "गुण दाखवा" यामागे पुष्कळदा एवढेच असते की टप्पा संपला हे कळलेच नाही. झाड पूर्ण झाल्यावर एक पाखरू येऊन बसले तरी ती मागणी मिटते.

एक पेच मात्र तक्त्याने सुटत नाही. काहींना खेळ कोडे म्हणून हवा असतो, काहींना नुसते झाड वाढवत बसायचे असते. बर्लिनमध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी केलेला 'डॉर्फरोमँटिक' हा खेळ २०२१ मध्ये आधी अपुऱ्या अवस्थेत आणि २०२२ मध्ये पूर्ण स्वरूपात आला; त्यात गुणांचा खेळ आहे आणि गुणांची फिकीर न करता मनासारखा प्रदेश रचत बसण्याची वेगळी सोयही आहे. आपल्या हाताशी एवढे बळ नसेल, तर दोनच गोष्टी करा : 'मागे घ्या' कितीही वेळा दाबता येऊ द्या आणि अडलेला टप्पा ओलांडून पुढे जायची वाट ठेवा. कोडे अवघड राहिले तरी चालते. त्यात कोंडून पडल्यासारखे वाटता कामा नये.

१२. बदला, पुन्हा तपासा, आणि कळवा

एका फेरीत तीन-चार बदलांपेक्षा जास्त नको, आणि एकाच टप्प्यावर दोन बदल एकदम नको. नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. दुसऱ्या फेरीला पाच नवे खेळाडू घ्या आणि पहिल्या फेरीतल्या एकाला परत बोलवा. नवे सांगतील खेळ समजतो का; जुना सांगेल पूर्वीचे काही चांगले हरवले का. पहिल्या आवृत्तीतली वाऱ्याची झुळूक 'फालतू' म्हणून काढून टाकलेली असते आणि तोच विचारतो, "ते पान हलायचं ते कुठं गेलं?"

किती फेऱ्या करायच्या, ते आधी ठरवा. तिमाहीची परीक्षा तोंडावर असेल तर दोन फेऱ्या करून थांबा. काही खेळ मात्र जॅमनंतर लांबचा पल्ला गाठतात : 'मिनी मेट्रो'ची सुरुवात २०१३ च्या लुडम डेअरमध्ये झाली आणि पूर्ण खेळ २०१५ मध्ये आला, 'बाबा इज यू' २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममधून २०१९ मध्ये बाजारात पोहोचला. तसे करायचे असेल तर तो निर्णय दुसऱ्या फेरीच्या तक्त्यासमोर बसून घ्या. कोणीही न सांगता परत खेळ उघडणारे दहांत किती निघाले, हा आकडा त्या बैठकीत सगळ्यात आधी फळ्यावर लिहा.

शेवटचे काम तासाभराचे आहे. खेळलेल्या प्रत्येकाला नव्या आवृत्तीचा दुवा पाठवा आणि त्यांच्यामुळे काय बदलले ते एका ओळीत लिहा : "तुम्ही तिसऱ्या टप्प्यावर अडलात, म्हणून तिथे मुळाची दिशा आता बाणाने दिसते." ज्यांची सूचना घेतली नाही त्यांनाही कळवा, कारणासकट. श्रेयनामावलीत नाव घालण्याआधी ज्याचे त्याला विचारा. आजींचा फोन साधा असेल, तर घरी जाऊन आपल्या फोनवर नवा टप्पा त्यांच्या हातात द्या, आणि वही सोबत ठेवा.